रणगाड्याला किती गुण?
अग्रक्रम ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरची उलटतपासणी

कोणत्याही सैन्याकडे जुनी झालेली साधने नेहमीच असतात. चिलखती गाडीचा पत्रा नव्या सुरुंगांपुढे पातळ ठरतो, रेडिओ जुनाट होतो, रात्री पाहण्याची दुर्बीण शत्रूच्या दुर्बिणीपेक्षा कमी पल्ल्याची निघते. प्रत्येक विभाग आपली मागणी पुढे करतो आणि ती सर्वांत निकडीची आहे असे सांगतो. पैसा मात्र निम्म्या मागण्यांनाही पुरत नाही. मग आधी काय करायचे?

पूर्वी हा प्रश्न हुद्दा, ओळख आणि मोठा आवाज यांच्या बळावर सुटत असे. १९८० नंतर टेबलावरचे छोटे संगणक आले आणि त्यांच्याबरोबर निर्णयाला मदत करणारी सॉफ्टवेअरे आली. पर्याय लिहा, निकष लिहा, प्रत्येक निकषाला महत्त्व द्या. संगणक शेवटी पर्यायांची उतरत्या क्रमाने यादी देतो. प्रत्येक पर्यायापुढे एक आकडा असतो, तोही तीन दशांश स्थळांपर्यंत. असा कागद समोर आला की वाद थांबतो. तो थांबावा का, हे या लेखात तपासायचे आहे.

हा विषय शिक्षकांच्या मासिकात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याची दोन कारणे आहेत. या सॉफ्टवेअरच्या पोटातले गणित आठवी-नववीच्या पलीकडचे फारसे नाही. अपूर्णांक, गुणोत्तर आणि भारित सरासरी एवढ्यावर त्याची परीक्षा घेता येते. आणि वेगवेगळ्या गोष्टींना गुण देऊन, त्यांची बेरीज करून क्रम लावण्याचे काम शिक्षकांइतके दुसरे कोण करते? गुणवत्ता यादीचे गुण-दोष आपल्याला चांगले ठाऊक आहेत. तीच यादी इथे सैनिकाच्या जिवाला भिडते, एवढाच फरक.

पद्धत कशी चालते?

या क्षेत्रात सर्वांत गाजलेली पद्धत अ‍ॅनॅलिटिक हायरार्की प्रोसेस या नावाने ओळखली जाते. तिचे जनक थॉमस साटी (१९२६–२०१७) हे गणिती. त्यांचा जन्म इराकमधील मोसुलचा. १९६०च्या दशकात ते अमेरिकी सरकारच्या शस्त्रनियंत्रण विभागात काम करत होते. तिथे नामवंत शास्त्रज्ञ आणि कायदेपंडित एकत्र बसत, पण कशाला किती महत्त्व द्यायचे हे एकमेकांना समजेल असे सांगण्याचे साधन त्यांच्यापाशी नाही, हे साटींच्या लक्षात आले. त्यातून त्यांनी ही पद्धत घडवली. १९८० साली तिच्यावरचा त्यांचा ग्रंथ निघाला आणि १९८३ पासून अर्नेस्ट फोरमन यांच्या साथीने ‘एक्स्पर्ट चॉइस’ हे सॉफ्टवेअर बाजारात आले. शस्त्रास्त्रांची निवड आणि सुधारणांचा क्रम या कामांसाठी या पद्धतीचा आणि तिच्या भाऊबंदांचा वापर पुढे अनेक देशांत झाला.

पद्धतीचा गाभा म्हणजे जोडी-जोडीने तुलना. दहा गोष्टींना एकदम क्रम लावणे माणसाला जड जाते. दोहोंपैकी कोणती महत्त्वाची आणि किती पटीने, हे सांगणे सोपे जाते. साटींनी त्यासाठी १ ते ९ अशी मोजपट्टी दिली. दोन्ही सारख्या असतील तर १, एक थोडी अधिक महत्त्वाची असेल तर ३, बरीच अधिक असेल तर ५, फारच अधिक असेल तर ७ आणि पराकोटीची अधिक असेल तर ९. या तुलनांवरून संगणक प्रत्येक पर्यायाचा वाटा काढतो. सगळ्या वाट्यांची बेरीज १ होते. मग निकषाच्या भाराने गुणून बेरीज केली की झाला अंतिम आकडा.

या पद्धतीचे गुण आधी नोंदवले पाहिजेत. ती माणसाला आपले निकष उघडपणे लिहायला लावते. तुम्ही क हे ख च्या तिप्पट आणि ख हे ग च्या दुप्पट म्हणालात, तर क हे ग च्या सहापट असायला हवे; तुम्ही भलतेच काही म्हणाला असाल तर संगणक विसंगती दाखवून देतो. विसंगतीचा निर्देशांक ०.१०च्या वर गेला की तुलना पुन्हा तपासा, असा साटींचा नियम आहे. बंद दाराआड ठरवण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

पण सुसंगत असणे म्हणजे बरोबर असणे नव्हे. दहा मिनिटे मागे पडलेले घड्याळ दिवसभर अगदी सुसंगत वेळ दाखवते.

‘थोडे अधिक’ म्हणजे किती?

पहिला आक्षेप मोजपट्टीवर आहे. समजा, कोणी म्हणाले, “सैनिकांची सुरक्षितता मारक क्षमतेपेक्षा थोडी अधिक महत्त्वाची आहे.” मोजपट्टीत याचा अर्थ ३. म्हणजे दोन्ही निकषांचे भार ३:१ या प्रमाणात, शेकडा ७५ आणि २५. बोलणाऱ्याच्या मनात ६० आणि ४० असेल, तर त्याला ते सांगायला शब्दच उरत नाही. त्याच्या ‘थोड्या’ला संगणकाने तिप्पट करून टाकले.

आणखी पुढे जाऊ. क हे ख पेक्षा थोडे अधिक (३) आणि ख हे ग पेक्षा थोडे अधिक (३). मग सुसंगतीच्या नियमाने क हे ग च्या नऊपट हवे. पण ९ चा अर्थ तर ‘पराकोटीचे अधिक’! दोनदा थोडेथोडे चढलो आणि एकदम शिखरावर पोचलो. शब्दांची चढण आणि आकड्यांची चढण एकमेकींशी जुळत नाहीत, हा दोष मुळातला आहे.

शिवाय तुलनांची संख्या. वर्गातल्या प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा हस्तांदोलन केले तर एकूण किती, हे कोडे आपण मुलांना घालतोच. तेच इथे लागू पडते. वीस सुधारणांच्या जोड्या होतात १९०. निकष पाच असतील तर तुलना ९५०. नऊशेव्या तुलनेला अधिकाऱ्याचे मन कितपत ताजे असेल? यादी मोठी असली तर जोड्या सोडून सरळ श्रेणी देण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये करावी लागली, त्यामागे हीच अडचण आहे.

नवा उमेदवार आला आणि पहिला बदलला

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तो आपण स्वतःच्या आकड्यांनी करून पाहू. एका चिलखती गाडीसाठी तीन सुधारणा सुचवल्या आहेत : जाड चिलखत, रात्रीची दुर्बीण आणि नवा रेडिओ. निकष दोन : सैनिकांची सुरक्षितता आणि मारक क्षमता. दोन्हींना सारखाच भार, म्हणजे निम्मा-निम्मा.

सुरक्षिततेवर चिलखत, दुर्बीण आणि रेडिओ यांचे प्रमाण ६ : २ : २ आहे असे धरू. बेरीज १०, म्हणून वाटे ०.६, ०.२ आणि ०.२. मारक क्षमतेवर हेच प्रमाण १ : ६ : ३. वाटे ०.१, ०.६ आणि ०.३. सरासरी काढली तर चिलखत ०.३५, दुर्बीण ०.४० आणि रेडिओ ०.२५. दुर्बीण पहिली, चिलखत दुसरे.

आता एक दुसरा कारखानदार पुढे येतो. त्याचीही दुर्बीण आहे, पहिलीसारखीच, रतिभरही चांगली नाही की वाईट नाही. यादीत चौथा पर्याय वाढला. सुरक्षिततेवर प्रमाण झाले ६ : २ : २ : २, बेरीज १२. मारक क्षमतेवर १ : ६ : ३ : ६, बेरीज १६. पुन्हा वाटे काढा. चिलखताला ०.५०० आणि ०.०६२५, सरासरी ०.२८१. दुर्बिणीला ०.१६७ आणि ०.३७५, सरासरी ०.२७१. चिलखत पहिले आले!

चिलखत बदलले नाही, दुर्बीण बदलली नाही, निकषांचे भार बदलले नाहीत, कोणाचे मतही बदलले नाही. केवळ एक जुळा उमेदवार रांगेत उभा राहिला आणि पहिल्या दोघांची अदलाबदल झाली. वर्गात नवा विद्यार्थी आला म्हणून जुन्या दोघांतला पहिला क्रमांक बदलला, तर पालक आपल्याला काय म्हणतील?

व्हॅलरी बेल्टन आणि टोनी गिअर या ब्रिटिश संशोधकांनी १९८३ साली हा दोष दाखवून दिला आणि त्यावर बरीच वर्षे वाद झाला. बाजारात पुष्कळ सारख्या वस्तू आल्या की एकीचे मोल कमी होते, म्हणून क्रम बदलणे कधीकधी योग्यच असते, असे समर्थन साटींच्या बाजूने करण्यात आले. पुढे दुसरी रीतही देण्यात आली : बेरजेने न भागता, त्या निकषावरच्या सर्वांत वरचढ पर्यायाच्या आकड्याने भागायचे. या रीतीत जुळ्या दुर्बिणीमुळे क्रम हलत नाही. पण नवा पर्याय एखाद्या निकषावर सर्वांना मागे टाकणारा असेल, तर तिथेही क्रम बदलू शकतो. म्हणून यादीत कोणाला घ्यायचे हे ज्याच्या हाती, त्याच्या हाती निकालाचीही एक किल्ली असते. शस्त्रांच्या बाजारात ही लहान गोष्ट नव्हे.

भार कशावर, हे कळल्याशिवाय भार देता येत नाही

तिसरा आक्षेप शिक्षकांना चटकन पटेल. भाषेची आणि गणिताची परीक्षा प्रत्येकी १०० गुणांची. भाषेत सगळ्या वर्गाला ६० ते ७० च्या दरम्यान गुण, गणितात मात्र २० पासून ९८ पर्यंत. कागदावर दोन्ही विषयांचे वजन सारखे, पण पहिला-दुसरा कोण हे जवळजवळ पूर्णपणे गणितच ठरवते. विषयाचे खरे वजन त्यातल्या गुणांच्या पसरटपणावर अवलंबून असते.

तेच सैन्याच्या यादीचे. “सुरक्षितता महत्त्वाची की वेग?” असा प्रश्न विचारला तर कोणीही सुरक्षितताच म्हणेल. पण समोरचे सगळे पर्याय सुरक्षिततेत जवळजवळ सारखेच असतील, तर त्या निकषाला कितीही भार दिला तरी त्याच्या जोरावर निवड करता येणार नाही. खरा प्रश्न असा हवा : सुरक्षितता या पातळीवरून त्या पातळीवर नेण्यासाठी वेगात किती घट चालेल? वॉर्ड एडवर्ड्स आणि त्यांच्या परंपरेतल्या अभ्यासकांनी हा आग्रह धरला, आणि भार देण्यापूर्वी प्रत्येक निकषाची खालची व वरची पातळी सांगण्याची रीत त्यांनी रुळवली. ही रीत सोडून, केवळ निकषांची नावे वाचून दिलेले भार निरर्थक ठरतात. सॉफ्टवेअर मात्र तेही निमूटपणे गुणाकारात घेते.

यादी वेगळी, संच वेगळा

चौथा आक्षेप यादीच्या कल्पनेवरच आहे. समजा १०० कोटी रुपये आहेत. पहिली सुधारणा ६० कोटींची, उपयुक्तता ४० गुण. दुसरी ५० कोटींची, ३० गुण. तिसरी ५० कोटींची, २८ गुण. यादीप्रमाणे चाललो तर पहिली घेतली, उरले ४० कोटी, आणि त्यांत पुढची एकही बसत नाही. पदरात ४० गुण. पहिली सोडून दुसरी आणि तिसरी घेतली असती तर ५८ गुण मिळाले असते. दर कोटीमागे किती गुण, असा हिशेब केला तरी पहिलीच वर येते. त्यामुळे ती युक्तीही इथे कामाची नाही. प्रश्न पिशवी भरण्याचा आहे, रांग लावण्याचा नाही.

त्यात सुधारणा एकमेकींना चिकटलेल्या असतात. नव्या दुर्बिणीला वीज लागते, मग जनित्र मोठे हवे. चिलखत वाढवले तर वजन वाढते, मग इंजिन आणि स्प्रिंगा बदलायला हव्यात. अमेरिकेचा एम-१ अब्राम्स रणगाडा १९८०च्या सुमारास सैन्यात आला तेव्हा सुमारे ५४ टनांचा होता. एकामागून एक सुधारणा होत त्याची अलीकडची आवृत्ती ६६ टनांच्या वर गेली. एकेक सुधारणा गुणांनी सार्थ ठरली असेल. पण पूल, वाहून नेणारी वाहने आणि इंधनाचा पुरवठा यांना बेरजेचा भार सोसावा लागतो. ‘अ’चे गुण अधिक ‘ब’चे गुण म्हणजे ‘अ आणि ब’चे गुण, हे गृहीत सॉफ्टवेअरमध्ये गुपचूप बसलेले असते.

आकडे अंदाजांवर उभे असतात, हेही विसरू नये. युरोपीय भागीदारांबरोबरच्या युद्धनौका प्रकल्पातून ब्रिटन १९९९ साली बाहेर पडले आणि त्याने स्वतःची टाइप-४५ विनाशिका बांधायला घेतली. ठरलेल्या पैशात नौकेवर काय-काय बसवायचे, यासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे लॉरेन्स फिलिप्स यांनी जाणकारांच्या बैठका घडवल्या. सगळे समोरासमोर बसून गुण देत, भार ठरवत, संगणक लगेच परिणाम दाखवी आणि पुन्हा चर्चा होई. या पद्धतीचा हा एक चांगला नमुना मानला जातो, आणि तो आहेही. पण नौका सेवेत आल्यावर उष्ण समुद्रात तिच्या वीज आणि इंजिन यंत्रणेने दगा दिला. २०१६ साली ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे ही गोष्ट उघडपणे चर्चिली गेली, आणि पुढे प्रत्येक नौकेवरची दोन डिझेल जनित्रे काढून तीन मोठी बसवण्याचे खर्चिक काम हाती घ्यावे लागले. याचे खापर त्या बैठकांवर फोडण्याचे कारण नाही. मात्र कितीही चांगली चर्चा झाली तरी न वापरलेल्या यंत्राविषयीचा अंदाज हा अंदाजच राहतो.

यादीत नसलेले

शेवटचा आक्षेप गणिताचा नाही. जे यादीत लिहिलेच नाही, त्याला संगणक शून्य गुणही देत नाही. त्याच्या लेखी ते अस्तित्वातच नसते.

इराकमध्ये २००३ नंतर अमेरिकी सैनिक रस्त्याकडेला पेरलेल्या स्फोटकांनी मरत होते. त्यांच्या हम्वी गाड्यांचा तळ सपाट होता आणि बहुतेक गाड्यांना पुरेसे चिलखत नव्हते. सैनिक भंगारातले पत्रे शोधून गाड्यांना लावत आहेत, ही तक्रार डिसेंबर २००४ मध्ये कुवेतमध्ये एका सैनिकाने थेट संरक्षणमंत्र्यांपुढे मांडली. स्फोटाचा झोत दोन्ही बाजूंना वळवणारा इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा तळ काही नवा शोध नव्हता. दक्षिण आफ्रिका आणि ऱ्होडेशियात तो १९७०च्या दशकात वापरला गेला होता. फेब्रुवारी २००५ मध्ये मरीन दलाच्या इराकमधील अधिकाऱ्यांनी अशा १,१६९ गाड्यांची तातडीची मागणी नोंदवली. ती मागे पडली. त्याऐवजी हम्वीलाच जादा चिलखत चढवण्यात आले. मे २००७ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी या गाड्यांना पहिला अग्रक्रम दिला, तेव्हा चक्रे फिरली. पुढे सुमारे २७,००० गाड्या बांधल्या गेल्या आणि ४० अब्ज डॉलरांहून अधिक खर्च झाला.

मागणी मागे का पडली? उद्याच्या मोठ्या युद्धासाठी हलकी, वेगवान वाहने हवीत, हा त्या वेळच्या नियोजनाचा निकष होता. त्या निकषावर एक अवजड, धिमी गाडी नापासच होणार. आजच्या रस्त्यावर आज मरणारा सैनिक हा निकष त्या तक्त्यात फार खाली होता. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. युद्ध ओसरल्यावर यांतल्या हजारो गाड्या सैन्याला नकोशा झाल्या. काही मोडीत निघाल्या, काही अमेरिकेतल्या पोलिसांना दिल्या गेल्या. म्हणजे विरोध करणारे अगदीच मूर्ख नव्हते. वाद खरे तर हा होता की आजच्या जिवाला किती भार द्यायचा आणि उद्याच्या युद्धाला किती. कोणतेही सॉफ्टवेअर हा भार आपणहून काढून देऊ शकत नाही. तो माणसाने द्यायचा असतो, आणि त्याचा जबाबही माणसानेच द्यायचा असतो.

अमेरिकेने हा धडा एकदा आधीही घेतला होता. १९६१ साली रॉबर्ट मॅकनमारा संरक्षणमंत्री झाले आणि चार्ल्स हिच, अलेन एन्थोव्हेन अशा विश्लेषकांच्या मदतीने त्यांनी खर्चाला हिशेबाची शिस्त लावली. ते काम मोलाचे होते. पण त्याच काळात व्हिएतनाममध्ये शत्रूची किती माणसे मारली हा आकडा यशाचे माप बनला. मोजता येते म्हणून तेच महत्त्वाचे मानले गेले. लोकांचे मन मोजता येत नव्हते, म्हणून ते हिशेबाबाहेर राहिले.

मग ही साधने टाकून द्यायची का?

आमचे मत तसे नाही. गुणपत्रिका सदोष आहे म्हणून आपण परीक्षा बंद करत नाही; गुणपत्रिका वाचायला शिकतो. अग्रक्रमाची यादी वाचतानाही काही प्रश्न विचारायचे असतात. निकष कोणी लिहिले? गाडीत बसणारा त्या खोलीत होता का? पर्यायांच्या यादीतून एखादे नाव काढले किंवा घातले तर पहिला क्रमांक टिकतो का? भार थोडा हलवला तर काय होते?

हा शेवटचा प्रश्न आपल्या उदाहरणाला लावू. तीनच पर्याय असताना, भार निम्मा-निम्मा ठेवला तेव्हा दुर्बीण पहिली आली होती. सुरक्षिततेचा भार शेकडा ५० वरून ५६ वर नेला की चिलखत पहिले येते. म्हणजे सगळा निकाल सहा टक्क्यांच्या मतभेदावर लोंबकळतो आहे. ०.४० आणि ०.३५ हे आकडे ती गोष्ट सांगत नाहीत. चांगले सॉफ्टवेअर हा आलेख काढून दाखवते. तो आलेख न दाखवता केवळ यादी पुढे करणारा अहवाल अर्धा आहे असेच समजावे.

वर्गात यासाठी रणगाड्याची गरज नाही. शाळेला एक ठरावीक रक्कम मिळाली आहे असे धरा. ग्रंथालयाची पुस्तके, मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती, प्रयोगशाळेचे साहित्य आणि कुंपणाची भिंत हे पर्याय फळ्यावर लिहा. मुलांचे चार गट करा. प्रत्येक गटाने आपले निकष आणि भार ठरवावेत, वाटे काढावेत, यादी लावावी. चार गटांच्या चार याद्या येतील. मग एक पर्याय वाढवा आणि पुन्हा हिशेब करायला सांगा. भारित सरासरीचा पाठ होईलच. शिवाय मुलींच्या गटाची यादी आणि मुलांच्या गटाची यादी शेजारीशेजारी लिहिली की दोन्ही गटांचे गणित बरोबर असूनही उत्तरे निराळी का आली, हे मुले आपणहून विचारू लागतील.